चौथ्या गाण्यातलं रिकामं मिनिट

डर्बनजवळच्या आमच्या उमलाझी वस्तीत अल्बम चांगला की टाकाऊ हे रेडिओवाले ठरवत नाहीत, टॅक्सीवाले ठरवतात. पोरं मागच्या खोलीत पत्र्याखाली बसून लॅपटॉपवर ग्कोम, म्हणजे दणदणीत ढोलाचं नाचाचं संगीत, बनवतात, पेन ड्राइव्हवर घालतात आणि आधी आमच्याकडे आणतात. सोळा माणसं कोंबलेल्या मिनीबस टॅक्सीत, सीटखालच्या स्पीकरवर ते वाजलं आणि डर्बन येईपर्यंत माना हलत राहिल्या, तर ते चाललं. त्यातही आमच्या स्टँडवर शेवटचा शब्द माझा. हा झ्वेलिबान्झी नको म्हणाला की पोरं ते पुसून टाकतात. जुन्या लॅपटॉपात जागा नसते, आणि टॅक्सीने नाकारलेलं जवळ ठेवलं तर पुढचंही नासतं अशी त्यांची समजूत.

वीस वर्षं मी ही शेखी मिरवली. त्यातली शेवटची दोन मला नीट ऐकू येत नव्हतं.

कान एकदम गेले नाहीत. आधी पाखरं गेली, मग फोनची घंटी, मग बायकांचे आवाज. ढोल तेवढा राहिला, कारण तो पाठीतून येतो. कुणाला संशयही आला नाही, कारण माझ्या टॅक्सीत गाण्याच्या दणक्यात कुणालाच काही ऐकू येत नाही. उतरणारा ओरडला की मी आरशात तोंडं बघायचो, आणि चुकलोच तर शेजारच्या सीटवरची बाई दंडावर चापट मारायची. बहिरा आहेस का मेल्या, असं लोक रोज म्हणायचे आणि हसायचे. मीही हसायचो. दवाखान्यात गेलो नाही. गाणी पारखणाराच बहिरा निघाला म्हटल्यावर स्टँडवर मला कुत्र्यानेही विचारलं नसतं, आणि मला दुसरं येतं काय?

नोकुफिवा माझ्या गल्लीतली. बावीस वर्षांची, कमी बोलणारी. महापुरात डोंगरउतारावरचं त्यांचं घर चिखलाबरोबर खाली आलं. आई बुसेलाफी आत होती, पोरगी शहरात कामावर. त्यानंतर तीन वर्षं पोरगी एकच अल्बम घडवत होती. अखेर एका दुपारी, टॅक्स्या रांगेत थंड उभ्या असताना, ती पेन ड्राइव्ह घेऊन आली. सोबत पाव कोरून भरलेली घेवड्याची करी.

"मामा, नीट कान देऊन ऐका," ती म्हणाली. तेही मी तिच्या ओठांवरून वाचलं.

पहिलं गाणं लागलं आणि माझी सीट हादरली. ग्कोम काळोखीच असतं, पण हे फारच होतं. बंद घराचं दार कुणी ठोठावत राहावं आणि आत कुणीच नसावं, तसा तो ढोल. दुसऱ्यात तो दूर गेला, तिसऱ्यात परत आला. मला बुसेलाफीच्या घराची जागा आठवली, तिथे आता नुसता लाल उतार आहे. मी करी खायची विसरलो. गाणं फार आवडलं मला, खोटं कशाला बोलू?

चौथ्यात मधेच ढोल थांबला. मी वाट बघितली. पाठीत काही नाही, पायाखाली काही नाही. चांगलं मिनिटभर. नोकुफिवा माझ्या चेहऱ्याकडे टक लावून बघत होती आणि तिचे डोळे भरले होते. मला वाटलं, घाबरली असेल पोरगी.

इथे काय आहे गं, एवढंच विचारायला हवं होतं. पण पारखी माणूस असं विचारतो का? मी पाव बाजूला ठेवला आणि ऐटीत निकाल दिला.

"बाकी सोनं आहे. पण चौथ्यात एक मिनिट रिकामं जातंय. माणसं कंटाळतील. काढ ते, ढोल भर तिथे."

"रिकामं?"

"काहीच नाही त्यात."

 तिने मान डोलावून पेन ड्राइव्ह काढून घेतला.

आठवड्याने त्याच पेन ड्राइव्हवर नवा अल्बम भरून घेऊन आली. चौथ्यात आता असा ढोल होता की शाळेची पोरं खिडक्या बडवायची. महिन्याभरात तो सगळ्या टॅक्स्यांत वाजू लागला. मी ज्याला त्याला सांगायचो, चौथं गाणं मी सुधारलं. माझी छाती अशी फुगली होती की विचारू नका.

परवा सकाळी स्टँडवर टॅक्सी भरत होती. शेजारच्या सीटवर थोको बसली, बुसेलाफीची बहीण. तिच्या मागे नोकुफिवा. चौथं गाणं लागलं, संपलं. थोकोने हात पुढे करून आवाज बंद केला आणि मागे वळून काहीतरी विचारलं. काय झालं, असं मी विचारल्यावर ती माझ्याकडे तोंड करून पुन्हा बोलली.

"माझी बहीण कुठे गेली यातून? मला ऐकवलं होतं हिने. 'दोरीवरचे कपडे मी काढलेत गं, आभाळ आलंय.' पुराच्या सकाळी तिने मिनिटभर बोलून पोरीला फोनवर पाठवलेलं."

मी आरशात बघितलं. नोकुफिवाचे ओठ सावकाश हलत होते, म्हणून सगळं वाचता आलं.

"मामा म्हणाले, त्यात काहीच नाही. मला वाटलं, माझी आई म्हणून मलाच मोठं वाटतंय. दुसऱ्या कुणाला काहीच नसेल."

फोन कुठे आहे, थोकोने विचारलं. तो गेल्या वर्षीच चोरट्याने हिसकावला होता. लॅपटॉप? त्यातलं पुसलं, नेहमीसारखं. मी घाईने पेन ड्राइव्ह उपसून हातात घेतला आणि तसाच बसलो. तोच होता तो, वरून भरलेला. बुसेलाफीचा आवाज जगात कुठेच उरला नव्हता, आणि तो शेवटचा ऐकायला बसलेला माणूस बहिरा होता.

 मी मागे वळलो. टॅक्सी पूर्ण भरली होती, सगळ्यांसमोरच बोललो.

"पोरी, रिकामं नव्हतं ते. मला ऐकू येत नाही. दोन वर्षं झाली."

कुणी हसलं नाही. नोकुफिवाने माझ्याकडे बघितलं, मग मान खाली घातली आणि काहीतरी म्हणाली. तोंड दिसत नव्हतं. शिवी दिली असेल, असू दे म्हणाली असेल. पुन्हा सांग म्हणायची माझी हिंमत झाली नाही. थोकोनेही सांगितलं नाही.

मागून कुणीतरी दार बडवलं, निघायची वेळ झाली होती. मी पेन ड्राइव्ह पुन्हा लावला, कारण गाण्याशिवाय माझी टॅक्सी कधी निघालेली नाही. ते चौथ्यापासूनच सुरू झालं. बुसेलाफीच्या जागी मी भरायला लावलेला ढोल पाठीत वाजत राहिला, आणि तो मला अगदी स्पष्ट ऐकू आला.