न रडलेल्या बाळाचा पाळणा

मी पाळणा बोलतोय. अंगाई-बिंगाई विसरा, आज मला भांडायचंय.

इंग्लंडातल्या ॲशकोम गढीत ओकच्या लाकडातून मला घडवलं. माझी मालकीण इडोनी. गढी आणि जमीन तिला बापाकडून मिळालेली. तिनं स्वतःच्या हातानं माझ्यात लोकर अंथरली, आणि बाळंतपणात बिचारी गेली.

बाळ मात्र जिवंत होतं! माझ्यात ठेवल्यावर त्यानं डोळे उघडले, लोकर मुठीत घट्ट धरली. फक्त रडलं नाही. ते जगत नाही हे ओळखून सुईण एमटनं घाईघाईनं कपाळावर पाणी घालून त्याचा बाप्तिस्मा केला, नाव ठेवलं. थोड्याच वेळात मूठ सैल पडली.

मग इडोनीचा नवरा सरदार फुल्क आत घुसला, मागोमाग तिचा भाऊ वारिन. आमच्याकडचा कायदा असा, की बाळाचं रडणं चार भिंतींत ऐकू आलं, तर बायकोची जमीन मरेपर्यंत नवऱ्याकडे. नाहीतर ती भावाची. तेही पुरुषांनी ऐकायला हवं. बाळंतिणीच्या खोलीत पुरुषांना मज्जाव आणि बायकांची साक्ष चालत नाही. काय ही अक्कल!

"रडला माझा मुलगा!" फुल्क गरजला.

"कुणी ऐकलं, दाजी? भिंतीनं?" वारिन हसला.

"तोंड सांभाळ, मेव्हण्या! बहीण गेली तुझी, आणि तुला जमीन सुचतेय?"

"आणि तुम्ही काय, जपमाळ ओढताय?"

एमट मध्ये पडली. "अहो, बाळ जिवंत होतं. मी त्याचं नाव..."

"तू गप गं!" दोघंही एकदमच खेकसले. तेवढ्यापुरतं मेव्हण्या-मेव्हण्यांचं जमलं.

भांडण न्यायाधीशापुढे गेलं. त्यानं बाळंतपणाच्या वेळी दाराबाहेर उभ्या असलेल्या नोकरांना विचारलं. शपथेवर खोटं बोलायची त्यांची छाती झाली नाही. "रडणं नाही ऐकलं," म्हणाले. झालं, जमीन वारिनची! गढी सोडून जाता जाता फुल्कनं मला लाथ घातली, त्यात माझी एक बाजू फुटली. एमटलाही वारिननं गढीबाहेर हाकललं.

आता त्याची शिकारी कुत्री माझ्यात व्यायली आहे. पिलं केकाटतात ते साऱ्या गढीला ऐकू जातं. "आवाज बघा पठ्ठ्यांचा!" म्हणून वारिन कौतुक करतो. माझा नुसता जळफळाट होतो.

मला दुरुस्त करू नका, हवं तर चुलीत घाला. पण त्याआधी एक ऐका. पियर्स नाव होतं त्याचं. कधी कुणी विचारलंच, तर आम्ही ऐकलं म्हणून सांगा.