पाहुण्यांच्या धक्क्यावरून परतलेली होडी

मित्रांनो, मी झांझिबारच्या किनाऱ्यावरची एक जुनी होडी आहे. समोरच्या छोट्या बेटावरच्या शामे कोळ्याने आंब्याचे अख्खे खोड कोरून मला घडवले. त्याची लेक बिकोंबो तेव्हा नुकती रांगत होती.

मासे, नारळ, नवऱ्या मुली, आजारी माणसे, सगळ्यांना मी बेटावरून पलीकडे झांझिबारला नेले. शामे शीड सोडताना म्हणायचा, "माझ्या बापाला गोरा साहेब इथून हाकलायचा. आता किनारा आपला आहे!"

मग पलीकडे हॉटेल झाले. त्यांनी खोल पाण्यापर्यंत लांब धक्का बांधला. ओहोटीला होडी लागायची ती फक्त तिथेच. राखणीला होता पांडू, शामेचा सख्खा पुतण्या.

एका दुपारी बिकोंबो बाळंतपणात अडली. शामे तिला माझ्यात घालून पलीकडच्या दवाखान्याकडे निघाला. समुद्र ओसरला होता.

"पांडू, दोर धर! बिको अडलीय!"

"काका, इथे नका लावू. पाहुण्यांचा धक्का आहे हा."

"अरे, बहीण आहे तुझी!"

"कळतंय हो काका, पण नोकरी जाईल माझी. मागून वळसा घाला ना."

"मागे नुसता चिखल आहे!"

"दादा, हात दे रे," बिकोंबो कण्हली.

पांडू वाकला. तेवढ्यात मॅनेजर आला. तोही आपलाच, शहरातला. हळूच म्हणाला, "पाहुणे घाबरतील, पांडू."

पांडूचा हात मागे गेला.

त्याच धक्क्यावरून एका परदेशी बाईला खुर्चीत बसवून गाडीकडे नेत होते. तिच्या पायात काटा रुतला होता. तिने आमच्याकडे बोट दाखवून काही विचारले. मॅनेजर हसून काहीतरी बोलला. मग तिनेही हसून आम्हाला हात हलवला.

शामेने लेकीला खांद्यावर घेतले आणि गुडघाभर चिखलात उतरला. भरतीबरोबर तो परत आला. तिला आणि बाळाला एकाच कफनात गुंडाळून त्याने माझ्यात निजवले. त्या फेरीनंतर त्याने शीड कधी उभारले नाही.

किनाऱ्यावर बेवारस पडलेली मी हॉटेलला आवडले. मला निळा रंग दिला. आता माझ्यात बर्फावर फळे मांडतात. पाहुणे म्हणतात, किती सुंदर होडी!

एकदा शामे मला बघायला आला. नव्या रखवालदाराने विचारले, "ए म्हाताऱ्या, कुणाकडे आलास?"

 शामे आल्या वाटेने वाळूतून निघून गेला.

मित्रांनो, पाहुण्यांना मान जरूर द्या. पण मला रंगवायला जेवढे हात पुढे आले, त्यातला एक जरी त्या दुपारी बिकोंबोला मिळाला असता!