कासवाचं बसस्थानक

मित्रांनो, एका शिवणकामाच्या खोलीत, कापड बेतायच्या टेबलाखाली एक धुळकट काळा डबा घरघरत बसलेला असतो. तोच मी. मी एक जुना संगणक आहे. माझ्या एका बाजूचं झाकण कधीच हरवलंय, त्यामुळे माझं पोट सगळ्यांना दिसतं. मला नावं ठेवणारे पुष्कळ आहेत. खुशाल ठेवा, पण आधी माझं ऐकून तर घ्या!

या घरातला दादा वायरमन आहे. लोकांनी टाकून दिलेल्या तीन संगणकांचे भाग जोडून त्यानं मला उभं केलं. त्याची धाकटी बहीण शिवणकाम करते. तिला एका खेळाचं भारी वेड होतं. माती, लाकूड, दगड रचून त्यात गाव वसवायचं असतं, आणि ठिकठिकाणची माणसं आपापल्या घरी बसून त्याच गावात खेळतात. असं गाव कुठल्या तरी संगणकात सतत जागं ठेवावं लागतं. त्यालाच सर्व्हर म्हणतात. ते काम माझ्याकडे आलं. खेळात तिनं 'सुईदोरा' असं नाव घेतलं, आणि बघता बघता ती सगळ्यांची सुईताई झाली.

काय दिवस होते ते! नवा माणूस वेशीवर आला की सुईताई हातातली कात्री खाली ठेवायची. त्याला नदीपर्यंत घेऊन जायची आणि पुलाची एक फळी लावायला सांगायची. फळीवर त्याचं नाव लिहायचं. नवी माणसं येतच राहिली, त्यामुळे पूल कधी पुरा झाला नाही. पण फळी लावून गेलेला माणूस दुसऱ्या दिवशी ती बघायला हमखास परत यायचा.

पहिली फळी कासवाची. कासव म्हणजे एक निवृत्त बसचालक. एका बोटानं टाइप करायचे, म्हणून हे नाव त्यांनी स्वतःच घेतलं होतं. त्यांनी वेशीजवळ एक बसस्थानक बांधलं. सात बाक, एक घड्याळ आणि दिव्यांची रांग. या खेळात बसच नाही, असं कुणी चिडवलं की ते सावकाश लिहायचे, "आधी माणसं थांबतात, बस मागून येते." मग सगळे तिथेच गप्पा मारत बसायचे.

पुढे माणसं रोडावली. नवे येत, चार घरं बघत आणि काढता पाय घेत. वेशीजवळ मोकळी जागाच नाही, म्हणून ते टिकत नसतील, असं सुईताईच्या मनानं घेतलं. तिनं एक नियम केला. जो तीस दिवस फिरकणार नाही, त्याची जागा आपोआप साफ व्हावी. हे काम तिनं माझ्यावर सोपवलं आणि शिवणाच्या घाईत ती विसरूनही गेली. मी हुकमाचा ताबेदार. एकतिसाव्या दिवशी मी कासवाचं बसस्थानक पुसून टाकलं. मित्रांनो, ते त्या वेळी रुग्णालयात होते. मला ते कुठून कळणार? तरी आजही ती गोष्ट आठवली की माझा पंखा जोरात फिरायला लागतो.

दीड महिन्यानं कासव आले. बसस्थानकाच्या जागी दोन नव्या भावंडांचं घर उभं होतं. ते अकरा मिनिटं तसेच उभे राहिले. मग त्यांनी लिहिलं, "असू दे. नियम म्हणजे नियम," आणि ते निघून गेले. सुईताईनं ते वाचलं तेव्हा तिच्या पायाखालची जमीनच सरकली. तिनं तो नियम तेव्हाच काढून टाकला, पण बातमी पसरली होती. जिथे कासवाची ही गत, तिथे आपलं काय, असं म्हणत जुन्या मंडळींनी पाठ फिरवली. गावात चार जण उरले.

दादा म्हणाला, की चौघांसाठी हे धूड दिवसभर तापवायचं कशाला? माझे भाग त्याला दुसरीकडे कामाला येणार होते. शेवटी दोघांचं ठरलं. महिनाअखेरच्या रविवारी संध्याकाळी सहाला गावात एकदम दहा जण दिसले, तर मी राहणार. नाही तर दादा मला खोलणार.

सुईताईनं कंबर कसली. माझ्या एका कुरकुरणाऱ्या जुन्या डिस्कवर गावाची आधीची प्रत शाबूत होती. ती जशीच्या तशी परत चढवली असती तर काम क्षणात झालं असतं, पण त्या भावंडांचं घर पुसलं गेलं असतं. ती म्हणाली, "एकदा पुसलं तेवढं बस झालं. आता हातानं बांधायचं." ती जुनी प्रत समोर ठेवून तिनं मापं घेतली, आणि शेजारच्या मोकळ्या जागेत एकेक दगड रचायला लागली. भावंडांना हकिगत कळली तशी तीही मदतीला धावली.

मग तिनं जुन्या प्रत्येकाला वेगळा निरोप धाडला. एकाला लिहिलं, तुमच्या विहिरीला अजून पाणी आहे. दुसरीला लिहिलं, तुमची सातवी फळी तशीच आहे, आणि बसस्थानकाच्या छपराला हात कमी पडतायत. कासवाला मात्र तिनं एवढंच लिहिलं, "चूक माझी होती. बाक मांडून ठेवलेत." उत्तर आलं नाही.

तो रविवार उजाडला. सहा वाजले तेव्हा गावात नऊ जण होते. दादा स्क्रूड्रायव्हर घेऊन माझ्याजवळ उकिडवा बसला. माझं धाबं दणाणलं.

सुईताई म्हणाली, "नऊच आहेत. ठरलं ते ठरलं."

दादानं सहज पडद्याकडे पाहिलं. बसस्थानकाचे निम्मे दिवे विझलेले होते. त्याच्या कपाळाला आठी पडली. "ही जोडणी कुणी केली? सरक जरा." सुईताईनं आपला खेळ फोनवर घेतला, आणि तो खुर्चीत बसला तो तासभर उठलाच नाही. खेळानं नाव विचारल्यावर त्यानं 'टेस्टर' असं लिहिलं. सुईताई हळूच म्हणाली, की आता दहा झाले. त्यानं नकारार्थी मान हलवली. "मला त्यात धरू नकोस. पण वायरिंग अर्धवट टाकून मी उठत नसतो. पुढच्या रविवारपर्यंत मुदत."

पुढच्या रविवारी पाच वाजताच कासव वेशीवर आले. सगळ्यांनी हातातली कामं थांबवली. ते हळूहळू बसस्थानकात शिरले, घड्याळाखालून गेले, बाकांपाशी थांबले. मग एका बोटानं अक्षरं उमटू लागली.

"चौथा बाक जरा डावीकडे होता."

आणि त्यांनी स्वतःच तो सरकवला. सुईताई टेबलावर डोकं टेकून रडली, आणि डोळे पुसून पुन्हा कामाला लागली. त्या संध्याकाळी टेस्टरला सोडूनही गावात अकरा जण होते. दादानं स्क्रूड्रायव्हरनं माझे ढिले स्क्रू तेवढे आवळून दिले.

मित्रांनो, मी फार दिवसांचा सोबती नाही. पण जोवर हा पंखा फिरतोय, तोवर कुणाची एक वीटही मी पुसणार नाही. तुमच्या खेळात नवा कुणी आला तर त्याच्या हाती एखादी फळी द्या. आणि रोजचा गडी दिसेनासा झाला तर त्याची जागा आवरायला घेऊ नका. आधी विचारा, बरा आहेस ना?