फुकट दिलेल्या दोन नळ्या

एमिल हार्टविगच्या दुकानात गाणी वाजवणारे पंधरा फोनोग्राफ ओळीनं मांडलेले असत आणि प्रत्येकाच्या बुडाला कंपनीची छापील चिठ्ठी डकवलेली असे. ठरलेल्या किमतीहून एक सेंटही कमी घ्यायचा नाही. जुनं यंत्र बदल्यात घ्यायचं नाही. सोबत काही फुकट द्यायचं नाही. हे मोडलं की दुकानदाराचं नाव यादीत. ती यादी दर महिन्याला टपालानं देशभरच्या दुकानदारांकडे जायची, आणि यादीतल्या माणसाला कुणी माल दिला तर पुढच्या महिन्यात देणाऱ्याचंही नाव यायचं. म्हणजे वाळीत टाकणंच की हे, फक्त छापून.

शेजारच्या गावच्या दुकानदार बेन्केचं नाव मागल्या वर्षी यादीत आलं होतं. बारा मैल घोडागाडी हाकत तो एमिलच्या दाराशी येऊन उभा राहिला. "एक स्प्रिंग दे, एमिल. कुणाला कळतंय?" एमिलनं मान खाली घातली आणि झाडलेलं दुकान पुन्हा झाडायला घेतलं. बेन्के हल्ली धान्याच्या कोठारावर पोती उचलतो. एमिलला रस्त्यात दिसला की एमिल फुटपाथ बदलतो.

तर एवढं सगळं डोळ्यांसमोर असताना ओटीलीनं घोळ घातला.

ओटीली एमिलची बायको. एकोणीस वर्षं गल्ल्यामागे उभी, ते शिलाईची यंत्रं विकत होते तेव्हापासून. यंत्र घेतलं की दोऱ्याची दोन रिळं वर, पोरं बरोबर असली की मूठभर गोळ्या. आयोवातल्या त्या गावाची रीतच होती ती. मोठी खरेदी केल्यावर दुकानदारानं वर काही घातलं नाही, तर लोक त्याला चिकटराव म्हणायचे आणि चर्चमध्ये शेजारी बसायचे नाहीत. एमिल स्टेशनवर पेट्या सोडवायला गेला असताना एक अनोळखी बाई आली, वीस डॉलरचं यंत्र रोख घेतलं, आणि ओटीलीनं हसत हसत यंत्रावर वाजवायच्या गाण्याच्या दोन मेणाच्या नळ्या तिच्या पिशवीत टाकल्या.

"कोण होती ती?" एमिलनं विचारलं.

"असेल कुणाची पाहुणी. राखाडी हातमोजे होते. फार गोड बोलत होती."

"पावती मागितली?"

"मागितली. नळ्यांपुढे 'भेट' असं लिहून द्या म्हणाली. दिलं लिहून, खाली नुसतं ओटीली म्हणून सहीही ठोकली. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय माझं, तर त्यालासुद्धा छान म्हणाली."

एमिल मटकन खुर्चीत बसला. भेट मिळालेल्या वस्तूची पावती जगात कोण मागतं? कंपनी दुकानं तपासायला बायका पाठवते, हे त्यानं ऐकलं होतं. त्यानं गावभर फिरून चौकशी केली. राखाडी हातमोज्यांची पाहुणी कुणाकडेच आलेली नव्हती.

नऊ दिवस तो टपालाची वाट बघत राहिला. पोस्टमन दिसला की दाराशी जाऊन उभा राहायचा, आणि तो पुढे निघून गेला की रस्त्याच्या टोकापर्यंत त्याच्याकडे बघत राहायचा. दहाव्या दिवशी पत्र आलं. आठवड्याच्या आत खुलासा करा, नाहीतर पुढच्या यादीत नाव.

एमिलनं त्याच दुपारी खुलासा लिहिला आणि ओटीलीला वाचून दाखवला. 'ही विक्री माझ्या गैरहजेरीत ओटीली क्राउझे नावाच्या पगारी नोकराणीनं केली. तिला कामावरून काढून टाकलं आहे.'

"नोकराणी?" ओटीली म्हणाली.

"कागदापुरतं गं. बायको म्हटलं तर ते मलाच धरतील."

"आणि क्राउझे. बरंय. एका ओळीत माहेरी धाडलंस."

"आपलं दुकान जाईल, ओटीली."

"आपलं म्हणतोस अजून?"

त्यानं पत्र टाकलं. उत्तर आलं की तूर्त मान्य, पण आमचा माणूस केव्हाही येऊन पाहील. मग काय, ओटीलीचं खाली येणं बंद. ती दुकानावरच्या त्यांच्या राहत्या दोन खोल्यांत बसून राहायची. कुणी विचारलं तर एमिल सांगायचा, कंबर धरलीय. छताच्या फळ्या वाजल्या की गिऱ्हाईक सोडून हा जिन्याशी धावायचा.

"हळू चाल जरा. खाली ऐकू येतं."

"मग काय उडू?"

पुढे पुढे तिनं उत्तर देणंही सोडलं. एमिलच्या ते लक्षात आलं नाही. त्याचे कान दारावरच्या घंटीकडे लागलेले असत. भित्र्या माणसाला घरातलं काही ऐकू येत नाही, त्याला तरी कुठून येणार?

सातव्या आठवड्यात, गुरुवारी दुपारी तो माणूस आला. पेल्टन त्याचं नाव, सडपातळ, बोलायला अगदी मऊ. त्यानं एकेक यंत्र उलटं करून चिठ्ठ्या तपासल्या, नंबर वहीशी ताडून पाहिले. एमिलचा सदरा पाठीला चिकटला होता. तेवढ्यात घंटी वाजली आणि पुढच्या दारानं ओटीली आत आली. रविवारची टोपी, हातात पिशवी.

एमिल लगबगीनं गल्ल्याबाहेर आला.

"मी ओटीली क्राउझे," ती पेल्टनकडे बघून म्हणाली. "इथे कामाला होते." मग ती एमिलकडे वळली. "मला परत ठेवून घ्याल का, विचारायला आले. एकोणीस वर्षं केलंय तुमच्याकडे."

तुमच्याकडे! लग्न झाल्यापासून तिनं त्याला कधी अहो-जाहो केलं नव्हतं. काय बेमालूम सोंग वठवतेय, एमिलला वाटलं. बायको असावी तर अशी. त्याच्या जिवात जीव आला.

"काय, हार्टविग?" पेल्टननं मऊपणे विचारलं. "ठेवणार का हिला?"

"नाही," एमिल म्हणाला.

"नीट विचार करून सांगा," ओटीली म्हणाली. "एकदाच विचारतेय."

"सांगितलं ना. तुला इथे काम नाही. जा तू."

ओटीलीनं मान हलवली आणि दार हळूच लावून घेतलं. पेल्टननं वहीत काहीतरी खूण केली, एमिलशी हात मिळवला आणि तोही गेला.

एमिल दोन-दोन पायऱ्या चढत वर पळाला. "ओटीली, कमाल केलीस तू," असं तो जिन्यातूनच बोलत होता. खोलीत कुणी नव्हतं. तिचं कपाट उघडं होतं आणि आत नुसत्या खुंट्या. तिचे बूट नव्हते. पलंगाखालची ट्रंकही नव्हती. सकाळीच हलवली असणार, मागच्या जिन्यानं, आणि याला आवाजही आला नव्हता.

तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात उजेड पडला. सोंग नव्हतं ते. तिनं खरंच विचारलं होतं.

चारची गाडी अजून आली नव्हती. स्टेशन सात मिनिटांवर. तो धडधडत खाली आला, टोपी उचलली, आणि घंटी वाजली. दारात एक अनोळखी बाई उभी होती.

"फोनोग्राफ बघायचाय," ती म्हणाली. "किमतीत काही कमी-जास्त होतं का हो तुमच्याकडे?"

एमिलनं तिच्या हातांकडे पाहिलं. हातमोजे काळे होते. पण हातमोजे बदलायला कितीसा वेळ लागतो? दुकान बंद करतोय म्हणावं, तर ही पेल्टनला कळवेल. लांबून गाडीची शिट्टी ऐकू आली.

त्यानं टोपी खुंटीला अडकवली. "नाही बाईसाहेब," तो म्हणाला. "वीस डॉलर. आणि वर काही मिळत नाही."