सव्वा मूठ

सुंदरानं वर्षभर डूख धरला होता. आणि का धरू नये?

लिंबायतमधल्या त्या गल्लीत तिचा आवाज कधी कोणी वर चढलेला ऐकला नव्हता. नवरा सुपडू कापडाच्या लूमवर राबून राबून गेला. ती थोरली सून, म्हणून कुळदेवी कानबाईचा नारळ तिच्या घरी. श्रावणात कानबाई बसायची, त्याच्या आदल्या दिवशी सगळे भाऊबंद जमायचे आणि सुंदरा देवीच्या रोटाचे, म्हणजे प्रसादाच्या जाड भाकरीचे, गहू मोजायची, घराण्यातल्या एकेका पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ. रोट खायचा तो भाऊबंदांनीच, परक्याला तुकडासुद्धा नाही. ज्याची मूठ पडली तो घरचा, एवढा सरळ हिशेब.

गेल्या वर्षी तिनं मुलाचं, चेतनचं नाव घेतलं आणि धाकटा दीर धर्मेंद्र मध्येच ओरडला, "त्याची मूठ धरू नको, वहिनी. तो मर्दात मोजायचा नाही."

चेतनला मुलगे आवडतात. साड्यांचे धागे कापता कापता त्यानं आईला सांगून टाकलं होतं. तीन दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. चौथ्या दिवशी तिनं वरची खोली झाडून त्याला दिली. दर रविवारी तिथं त्याच्यासारखी पोरं-पोरी जमायची. डिंडोलीची विशाखा यायची, जी जन्मली मुलगा म्हणून आणि घरी अजून मुलाच्याच नावानं मार खायची. चहा, गप्पा, थोडं रडणं, पुष्कळ हसणं. कोणाचं काय बिघडत होतं हो?

पण गेल्या वर्षी गहू मोजायच्या त्या दिवशी धर्मेंद्र चौघांना घेऊन वर चढला. गाद्या, पुस्तकं, चहाची किटली, सगळं गल्लीत भिरकावलं. वर बसलेल्या विशाखाला केसांना धरून जिन्यावरून खाली ओढलं आणि दाराला स्वतःचं कुलूप ठोकलं. समाजात नाक कापलं, म्हणे! चेतन त्याच संध्याकाळी बारडोलीला निघून गेला, तो परत आलाच नाही. आणि सुंदरा? ती गप्प बसून गहू मोजत राहिली, एक मूठ कमी. ती लाज तिला वर्षभर जाळत होती.

कुलूप तोडायला एक हातोडी पुरली असती. पण नको. तिला ते त्याच्याच हातानं उघडायला हवं होतं.

यंदा धर्मेंद्रला नातू झाला होता. तान्ह्याची पहिली मूठ पडणार म्हणून स्वारी नवा सदरा घालून सगळ्यांच्या पुढे बसली. सुंदरानं सूप ओढलं.

"चेतन," ती म्हणाली आणि सव्वा मूठ टाकली. कोणी तोंड उघडायच्या आत, "विशाखा." मग लोकेश, ज्योती, सागर. रविवारी येणारी नऊच्या नऊ.

"वहिनी, येड लागलं का तुला? परकी माणसं, त्यात बायांची नावं!"

"नारळ माझ्या घरात आहे, मोजणारी मी आहे. ज्याला चालत नसेल त्यानं उठावं."

कोणी उठलं नाही. कानबाईला पाठ दाखवायची छाती कोणाची! मग तिनं एकेका भाऊबंदाचं नाव घेतलं आणि हात झटकले.

"वहिनी, मनी मूठ राह्यनी," धर्मेंद्र म्हणाला. त्यानं स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं.

"राहिली नाही, भाऊजी. धरली नाही."

"आणि नातवाची?"

"वर जा आणि कुलूप उघडा. जिना तुम्हाला माहीत आहे."

तो सगळ्यांकडे बघत राहिला. सगळे सुपाकडे बघत राहिले. शेवटी तो उठला. वर कुलूप निघाल्याचा आवाज आला, तसा तिनं चेतनला फोन लावला. "ये रे बाबा. तुझी मूठ पडली."

धर्मेंद्र खाली आला. किल्ली त्यानं तिच्यासमोर ठेवली. "आता मनी धर."

"तुमची चेतनला विचारा. आणि विशाखाला."

मग तिनं अगदी जपून, एक दाणा सांडू न देता, तान्ह्याची सव्वा मूठ सुपात टाकली.

"पोराचा काय दोष?" ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "मोठा होऊन तो कसाही निघो, भाऊजी. तुम्ही त्याला घराबाहेर काढाल तेव्हा वरची खोली उघडी आहे."

धर्मेंद्रची मान खाली गेली. सुंदराला बरं वाटलं. खरं सांगायचं तर फार बरं वाटलं.