कोरा खिळा

मुलीने जाहीर केलं की लग्न उघड्यावर करायचं, तेव्हा मी आधी तिचं वाक्य दुरुस्त केलं.

"उघड्यावर संसार पडतो," मी म्हणालो. "लग्न मोकळ्या जागेत होतं."

"बरं, मोकळ्या जागेत. पण सगळं हातांनी करायचं, बाबा. आपली माणसं आणि आसपासचे कारागीर. आयतं काही आणायचं नाही."

मी मुद्रितशोधक. म्हणजे छापायला जाणाऱ्या मजकुरातल्या चुका काढणारा माणूस. अडतीस वर्षं मी जगाच्या चुका काढल्या आणि निवृत्त झाल्यापासून घरच्यांच्या काढतो. बायकोच्या मते दुसऱ्या कामाचा पगार मिळत नाही ही त्यातली एकमेव चूक, आणि ती मला अजून सापडलेली नाही.

मुलगी एका रोपवाटिकेत काम करते. तिथल्या मालकीणबाईंनी मागचं मैदान एका दिवसासाठी दिलं. होणारे जावई सायकली दुरुस्त करतात. त्यांनी खांब रोवायचं काम घेतलं. बायकोने बावीस जुन्या चादरी जोडून छत शिवायला घेतलं. मुलीची बेकरीवाली मैत्रीण केक करणार होती, गल्लीच्या टोकाचा कुंभार पेले. ही सगळी यादी फ्रिजच्या दारावर लावलेली होती. यादीत शेवटी 'बाबा' असं लिहिलं होतं आणि पुढे काही नव्हतं.

पाणी प्यायला गेलो की मला ती कोरी जागा दिसायची. दिवसातून दहा वेळा तहान लागते माणसाला.

म्हणून मी बाक करायला घेतलं. त्याला पाय चार केले, पण एका वेळी तीनच टेकायचे. कोणते तीन, ते बसणाऱ्यावर अवलंबून. शिवाय चौथा पाय ठोकताना अंगठा मध्ये आला. बायकोने पट्टी बांधता बांधता सांगितलं, "अहो, तुम्ही नुसते उभे राहा. उभं राहणं पण मदतच असते." मला ते लागलं. एकुलत्या एका मुलीचं लग्न, आणि त्यात माझ्या हातचं म्हणावं असं काहीच नसणार. पाहुण्यांनी विचारलं की वधूपित्याने काय केलं, तर अंगठा दाखवायचा.

संध्याकाळी मुलगी आली, बाकावर बसली, डावीकडे कलली, आणि उठून फ्रिजजवळ गेली. माझ्या नावापुढे तिने लिहिलं : पत्रिका.

"चूक निघायला नको हं," ती म्हणाली. तिने हे गमतीने म्हटलं होतं. मी गमतीने घेतलं नाही.

पत्रिका माझ्या जुन्या मित्राच्या छापखान्यात करायच्या ठरल्या. पायाने चालवायचं यंत्र ठेवणारा आमच्याकडे तो एकटाच उरलाय. एकेक अक्षराचा शिशाचा खिळा हाताने उचलून तो ओळ जुळवतो, आणि दोन शब्दांमध्ये कोरा खिळा घालतो, म्हणजे कागदावर तिथे मोकळी जागा सुटते. त्याचा चष्मा माझ्याहून जाड आहे आणि आम्ही तीस वर्षं भांडतोय.

मजकूर मुलीने लिहिला होता. दोघांची नावं, दिवस, वेळ, जागा, आणि शेवटी एक ओळ : 'कृपया काहीही आणू नका.' कोणावर ओझं नको, हा तिचा स्वभाव. पण 'आणू नका' वाचून माझा हात शिवशिवला. 'हात लावू नका', 'इथे गाड्या लावू नका', ही पाटीची भाषा झाली. पत्रिकेत लग्नाला बोलवायचं असतं, हाकलायचं नसतं. मी 'नका' खोडलं आणि वर लिहिलं 'नये'. कृपया काहीही आणू नये. किती सभ्य दिसतं.

"काय फरक पडतो?" मुलीने विचारलं.

"ज्याला कळतो त्याला पडतो," मी म्हणालो.

चार दिवसांनी तपासायला प्रूफ आलं. मी चष्मा पुसला, वाचलं, खाली 'छापावे' लिहून सही केली. दीडशे पत्रिका छापल्या, जावयांनी सायकलवरून घरोघर वाटल्या, लांबच्या पोस्टाने पाठवल्या, आणि मी फ्रिजसमोर उभा राहून माझ्या नावापुढे बरोबरची खूण केली.

पुढच्या आठवड्यात एक पत्रिका टपालाने परत आली. पाठवणारे आमचे साहेब. मला या धंद्यात त्यांनी घडवलं. आता चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत आणि औषधाच्या बाटलीवरचं लेबलही लाल पेन हातात घेऊन वाचतात. त्यांनी शेवटच्या ओळीभोवती लाल वर्तुळ काढलं होतं आणि समासात लिहिलं होतं : 'काय आणू?'

मी ओळ वाचली.

कृपया काहीही आणून ये.

कोरा खिळा एका अक्षराने पुढे सरकला होता. 'न' इकडचा तिकडे झाला, एवढंच. एकही अक्षर कमी नाही, एकही जास्त नाही. आणि दीडशे घरांत, डॉक्टरांना, मुलीच्या मुख्याध्यापिकाबाईंना, साहेबांना, मी अरेतुरे करून कळवलं होतं की येताना काहीतरी आण. खरं तर तिथे 'घेऊन ये' हवं. पण एवढा बारीक विचार कोण करतो.

बायकोने पत्रिका हातातून काढून घेतली, वाचली, आणि खुर्चीत बसून पदर तोंडाला लावून हसली. मग गंभीर झाली. "तिला सांगा."

"सांगतो."

"आज सांगा. दुसऱ्याची चूक पोटात घालतात, स्वतःची नव्हे."

मी सांगितलं नाही. मी छापखान्यात गेलो. मित्र म्हणाला, खिळा माझा सरकला, पण सही कोणाची आहे? त्याने प्रूफ जपून ठेवलं होतं. सही माझीच होती, आणि खाली रेघही ओढलेली होती, ठसठशीत.

मग मी ठरवलं की गुपचूप फोन करून सगळ्यांना सांगायचं. पहिला फोन मामेबहिणीला लावला.

"ताई, पत्रिकेत चूक झालीय. काहीही आणू नये."

"हो रे, वाचलं. आणून येते."

"आणून येते नाही. आणू नये."

"तेच म्हणतेय मी. आणून येते. शिवणयंत्र चालेल का? पडूनच आहे."

तेव्हा माझ्या लक्षात आलं की तोंडाने म्हटलं तर दोन्ही सारखंच ऐकू येतं. कोरा खिळा कानाला दिसत नाही. दुसऱ्या फोनवर मी स्वाभिमान गिळून 'आणू नका' म्हणून पाहिलं, तर शेजारचे व्यायामशाळावाले म्हणाले, "असं कसं? आता तुम्ही संकोच करायला लागलात. हक्काने 'ये' म्हणालात ते किती बरं वाटलं." वाण्याने तर सांगितलं की इतक्या वर्षांच्या ओळखीत मी त्याला पहिल्यांदा माणसासारखं बोलावलं. मी फोन ठेवून दिला.

लग्नाच्या सकाळी मैदान खरंच सुंदर दिसत होतं. चादरींचं छत पांढरं आणि फिकट हिरवं, कडेने कुंड्या, मधोमध टेबलावर सही करायची वही. माझं बाक मुलीने पहिल्या रांगेत ठेवलं होतं, एका पायाखाली विटेचा तुकडा देऊन.

साडेदहाला पाहुणे यायला लागले. मामेबहीण शिवणयंत्र घेऊन आली, लोखंडी पायांसकट. व्यायामशाळावाल्यांनी दोन वजनदार डंबेल्स आणले. वाण्याने तराजूची जुनी वजनं आणली, पाच किलोपासून पन्नास ग्रॅमपर्यंत, पेटीसह. डॉक्टर शिडी घेऊन आले. मुख्याध्यापिकाबाईंनी शाळेची पितळी घंटा आणली आणि मला म्हणाल्या, "तू सांगितलंस म्हणून आणली." कोणीतरी एक कोंबडी आणली. ती कोणी आणली हे शेवटपर्यंत कोणी कबूल केलं नाही. सगळ्यात शेवटी साहेब रिक्षातून उतरले. त्यांच्या हातात शब्दकोशाचे सहा खंड दोरीने बांधलेले होते.

"आज्ञा झाली होती," ते म्हणाले.

मैदानाच्या कडेला ढीग वाढत चालला. मुलगी आधी हसून सगळ्यांचे आभार मानत होती, मग तिचं हसू हळूहळू कोड्यात पडलं. ती माझ्याकडे आली. मातीचा वास येत होता तिच्या अंगाला, लग्नाच्या दिवशीसुद्धा. सकाळी तिने कुंड्यांना पाणी घातलं होतं.

"बाबा, हे काय चाललंय? आपण तर लिहिलं होतं—"

"हो," मी म्हणालो. "त्याचं असं झालं..."

आणि वारा सुटला.

रोपवाटिकेची जमीन. वर्षानुवर्षं पाणी पिऊन, खत खाऊन लोण्यासारखी मऊ झालेली. तिच्यात रोपं उत्तम धरतात, खांब नाही. पहिल्या झोताला एक खांब वाकला, दुसऱ्याला दोन खुंट्या उपटून निघाल्या, आणि बावीस चादरींचं छत पोट फुगवून वर जायला लागलं. जावई एका दोरीला लटकले आणि तेही चवड्यांवर आले. बायको ओरडली, "माझं महिन्याचं काम चाललं."

"वजन," जावई म्हणाले. "काहीतरी जड द्या. काहीही."

सगळ्यांच्या माना ढिगाकडे वळल्या. मग मामेबहिणीने शिवणयंत्र ओढलं. एक दोरी यंत्राच्या पायाला बांधली, दुसरी डंबेल्सना. वजनांची पेटी तिसऱ्या कोपऱ्यात गेली. मधला खांब शिडीत अडकवून उभा केला. चौथ्या कोपऱ्याला काही पुरेना, तेव्हा साहेब पुढे झाले आणि त्यांनी सहाच्या सहा खंड दोरीवर ठेवले. छत खाली आलं, थोडं थरथरलं आणि मुकाट्याने राहिलं. कोंबडी सोडून सगळं कामी आलं. मुख्याध्यापिकाबाईंनी घंटा वाजवली, आणि काय आश्चर्य, दीडशे मोठी माणसं गपचूप जागेवर जाऊन बसली.

लग्न झालं. दोघांनी चार-चार वाक्यं बोलून वहीत सह्या केल्या. जावयांच्या वाक्यात कर्ता क्रियापदाशी जुळत नव्हता. मी बोललो नाही.

केक कापून झाल्यावर मुलगी बाकावर माझ्याशेजारी येऊन बसली. पलीकडे साहेब. "आता सांगा," ती म्हणाली.

मी खिशातून ती लाल वर्तुळाची पत्रिका काढून तिच्या हातात दिली. तिने वाचली. एकदा, मग ओठ हलवत पुन्हा.

"'नका'च ठेवलं असतं तर हे झालं नसतं," मी म्हणालो. "दुरुस्ती माझी, सही माझी. तू मला एकच काम दिलं होतंस."

"पण तुमच्या नजरेतून सुटलं कसं? तुम्हाला तर हॉटेलच्या मेनूतलीसुद्धा वेलांटी टोचते."

अडतीस वर्षांत मी कोणालाही कारण विचारलं नव्हतं, चूक म्हणजे चूक. आता कारण सांगायची पाळी माझ्यावर आली होती.

"मी ती ओळ वाचलीच नाही," मी म्हणालो. "पहिल्या ओळीत तुझं नाव होतं. त्याच्यापुढे 'आणि'. त्याच्यापुढे जावयांचं नाव. मी परत तुझ्या नावावर गेलो. परत 'आणि'. चार-पाच वेळा तेवढंच वाचलं, आणि मग दिसेना. चष्मा पुसला तरी दिसेना, कारण ओल चष्म्यावर नव्हती. घरात कोणी येईल म्हणून घाईने सही करून टाकली. खाली रेघ ओढली ती हात थरथरत नाही हे दाखवायला. बघायला कोणी नव्हतं तरी."

 तिकडून बायको बघत होती. तिने मान फिरवली.

मुलगी आठ वर्षांची असताना तिने माझ्यावर निबंध लिहिला होता. 'माझे बाबा सगळ्यात उंच आहे.' मी 'आहे'चं 'आहेत' केलं आणि 'उंच' खोडलं, कारण मी पाच फूट तीन इंच आहे आणि निबंधात खोटं नको. तेव्हाच तिने विचारलं होतं की खोडलेलं परत आणायचं असेल तर काय करतात. मी दाखवलं : शब्दाखाली ठिपके द्यायचे. म्हणजे, दुरुस्ती करू नका, होतं तसं राहू द्या. तिने लगेच 'उंच'खाली ठिपके दिले होते, इतके जोराने की कागदाला भोकं पडली.

"साहेब," ती म्हणाली, "पेन देता?"

साहेबांनी खिशातून लाल पेन काढून दिलं. तिने पत्रिका गुडघ्यावर ठेवली. बाक तिच्या बाजूला कललं, तशी मी माझ्याकडून जोर दिला. मग तिने 'आणून ये'च्या खाली, एकाशेजारी एक, सावकाश ठिपके दिले.