सव्वा मूठ

दाण्याच्या पोटावर एक चीर असते. अगदी मधोमध, कुणी नखाने हलकेच ओढल्यासारखी. आणि ती आजवर दिसली कशी नाही, सावद्याच्या धान्याच्या दुकानात लहानाची मोठी होऊनही, याचं विधीला नवल वाटत राहिलं. दुकानात तिचे आजोबा, दादासा, पोत्यात लोखंडी टोच्या खुपसतात, तळहातावर गहू ओततात, फुंकर मारतात, एक दाणा दाताखाली फोडतात आणि भाव बोलतात. तिथे दाणा म्हणजे भाव. इथे, भडगावपलीकडच्या या गावात, मामाच्या स्वयंपाकघरात, दाणा म्हणजे... काय, ते तिला अजून कळत नव्हतं. समोर सुपात निवडलेला गहू होता, शेजारी घासून लखलखीत केलेली परात, आणि कुंदामामी आत्ताच म्हणाली होती, "हात धुई ये वं. तूच भर."

कानबाई, श्रावणात घरोघरी येणारी खान्देशातली देवी, उद्या बसणार होती. तिच्या रोटांचा, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्यांचा, गहू आज मोजायचा, घरातल्या दर पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ. रोट खायचे ते घरच्यांनीच. शेजाऱ्यांनी नाही, लग्न करून दिलेल्या लेकीने नाही, तिच्या पोराबाळांनी तर नाहीच. हे आईने एसटीतच सांगून टाकलं होतं, खिडकीबाहेरच्या केळीच्या बागांकडे बघत, उगाच हसत — पुरणपोळी पोटभर मिळेल, रोट मात्र मागू नकोस हं, मामीला अवघड होईल. विधी बरं म्हणाली होती. पण ती आलीच होती त्यासाठी. तो रोट कसा लागतो हे तिला ठाऊक नव्हतं, तरी एक घास पोटात गेला की काहीतरी जागच्या जागी बसेल असं तिला वाटत आलं होतं. सावद्याला राजकुंवर दादीसा तिच्या केसांना तेल लावता लावता पाहुण्यांना सांगतात, "इसकी माँ मराठी है ना" — मायेनेच सांगतात, पण त्या 'ना'पाशी वेणी किंचित ओढली जाते. आणि इथे, सकाळी गल्लीत शिरल्या शिरल्या ओट्यावरच्या बाया आईचं नाव घेऊन आपसात म्हणाल्या, "नूतननी पोर. मारवाडीनी शे," आणि मग तिच्याशी हिंदीत बोलल्या. जेवली का, असं हिंदीत. दोन्ही घरं तिला पोटाशी धरत, आणि दोन्ही घरं तिला दुसऱ्या घरात मोजत.

तर मग तूच भर, हे कसं?

कारण तसं साधंच निघालं. उन्हाळ्यात मामीचा हात मोडला होता. प्लास्टर निघालं, पण मूठ अजून वळत नव्हती. आईचा हात चालणार नव्हता, ती दिलेली. मामीची सून कालपासून बाजूला बसलेली. जितेंद्रमामाने दारातून शंका काढली की ही तरी आपल्या कुळातली कुठे आहे, तेव्हा मामी सुपातून मानही वर न करता म्हणाली, "कुंवारी पोर देवनी ऱ्हास. आनि मारवाडीनी शे, मापमा चूक करस का कधी?" मामा हसला. आईही हसली, उंबऱ्यावर बसून, मांडीवर मामीचा नातू घेऊन. विधीला हसू आलं नाही. ती हात धुऊन, पुसून सुपासमोर बसली.

मामीने पहिलं नाव घेतलं. भिकनआबांचं, मामाच्या काकांचं, घरात तेच वडीलधारे.

विधीने गव्हात हात घातला. गार... केवढं गार! वर श्रावणातलं ऊन कौलातल्या काचेतून सुपावर पडलं होतं, आणि आत, बोटं जिथे पोचली तिथे, विहिरीच्या तळाचा गारवा होता. घट्ट धरावं तर दाणे फटींतून निसटत. जरा सैल धरलं की थांबत, जिवंत असल्यासारखे एकमेकांना चिकटून. तिने मूठ परातीवर नेली, उघडली. दाणे पितळेवर वाजले. आणि त्या आवाजात — हसण्यासारखंच आहे, पण खरंच — पांढऱ्या टोपीतले, खोकत अंगणात बसलेले आबा तिला सबंध ऐकू आले.

"आते पाव," मामी म्हणाली आणि तीन बोटांची चिमूट करून दाखवली.

विधीने चिमूट टाकली. मूठ आबांची. मग ही वरची कुणाची? तिने विचारलंच.

"माले काय माहीत? सासू टाके, मी टाकस. तू टाक."

मग मामाचं नाव. मग चंदनदादाचं, मामाच्या मुलाचं; तो सुरतेला नोकरीला होता, पण त्याची मूठ इथे पडली, आणि विधीला वाटलं, आत्ता या क्षणी त्याला तिथे यंत्रापाशी काहीतरी जाणवलं असेल. शेवटी बाळाचं, हितेंद्रचं. आईने त्याला जरा पुढे धरलं. दात नाहीत, मान नुकती धरलेली. रोट तो खाणार नव्हता, पण त्याची मूठ होती. विधीचं मोकळं बोट त्याने पकडलं आणि सोडेना. एका हाताला बाळ धरून बसलेलं, दुसऱ्या हाताने ती त्याचा गहू उचलत होती — तेव्हा तिला आईचा हात दिसला.

आईचा उजवा हात पदराखाली, गुडघ्यावर होता. विधीने मूठ भरली तसा तो वळला. विधीने उघडली तसा उघडला. मग तीन बोटं जुळली, आणि हवेत काही नसलेलं काहीतरी हलकेच सुटलं. आईचं लक्षच नव्हतं. ती परातीकडे बघत होती, ओठ किंचित उघडे, विधीने कधीच न पाहिलेल्या कुठल्यातरी मुलीसारखी.

"आई... तू?"

आई दचकली. हात पदरात गेला. "मीच मोजायचे," ती म्हणाली. "लग्न होईपर्यंत."

"आणि तुझ्या नावाची?"

उत्तर मामीने दिलं, सूप झटकत, सूर्य उगवतीला उगवतो हे सांगावं तसं. "तिनी नही. मनी बी नही. बाईनी मूठ ऱ्हास का कधी?"

मामीची पण नाही! या घरात येऊन जिचे केस पांढरे झाले, उद्या जी उपाशीपोटी रोट भाजणार, जिची बोटं वळेनात म्हणून आज सगळ्यांचं अडलं होतं, तिचीही नाही. विधी एवढे दिवस समजत होती की दाराबाहेर आहोत ते आपण, एकट्या, अर्ध्या रक्ताच्या. आणि आत तर बायांनी भरलेलं घर होतं, कुणीच न मोजलेलं. तिला दुकानातला तराजू आठवला. तेल द्यायचं तर दादासा आधी रिकाम्या भांड्याचा धडा करतात, त्याच्या वजनाचे खडे दुसऱ्या पारड्यात टाकून ते विसरून जातात. भांडं मापात धरायचं नसतं. पण म्हणून त्याला वजन नसतं का... की ते आधीच, सगळ्यांच्या आधी, तोलून झालेलं असतं? कळत नव्हतं. राग यायला हवा होता बहुतेक. सावद्याला जाऊन मैत्रिणीला सांगितलं तर तिला येईल. मला का येत नाही? मला नुसतं भरून का येतंय — या बोटांकडे बघून, जी माझी आहेत आणि आईची आहेत, आणि आईच्या आधी कुणाची असतील...

"झटक हात," मामी म्हणाली. "दाना वाया नको."

विधीने झटकला. मामीने डाव्या हाताने परात कमरेवर घेतली आणि जात्याकडे गेली. बाळ झोपलं होतं, बोट अजून त्याच्या मुठीत. आई तिच्याकडे बघत होती.

घामाने तळहात ओला होता. आयुष्यरेषेच्या वळणात काहीतरी बारीक टोचत होतं. एखादा दाणा राहिला असेल, किंवा त्याची चीर नुसती उमटली असेल. विधीने मूठ मिटली, घट्ट नाही, जरा सैल. उघडून बघायचं मग तिच्याने झालं नाही.